तासांचा हिशेब कोण ठेवणार?

या अंकाचा विषय पाहून काहीजणी बुचकळ्यात पडतील. विडी कामगार, घरकामगार, कचरा वेचणाऱ्या बाया यांच्याविषयी लिहिणाऱ्या पानावर सिनेमातले ट्रिकसीन करणाऱ्यांचे काय काम? वातानुकूलित खोलीत, महागड्या संगणकापुढे बसणारी, इंग्रजी बोलणारी ही मुले-मुली. त्यांची दुःखे वेगळी आणि आपल्या कष्टकरी बायांची वेगळी, असे आपल्याला सहज वाटते. आमच्या गटाच्या बैठकीतही हा प्रश्न निघाला आणि चांगला तासभर वाद झाला. त्या वादातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या तक्रारी बहुतेक घरातल्या असतात. नवरा घरात लक्ष घालत नाही, मूल बापाकडे जात नाही, सून रात्री दोनला घरी येते म्हणून सासू चिडते. नोंदवहीत त्या ‘कौटुंबिक वाद’ या सदरात जातात. पण अशा काही घरांशी सावकाश बोलत गेले की दिसते, भांडण घरातले असले तरी त्याचे मूळ कामाच्या ठिकाणी आहे. एका घरात नवरा गोरेगावच्या एका स्टुडिओत काम करतो. सिनेमा लागायच्या आधीचे दोन महिने तो सकाळी दहाला जातो आणि मध्यरात्रीनंतर येतो. रविवारीसुद्धा. मूल लहान, घरात दुसरे कोणी नाही, म्हणून बायकोने स्वतःची नोकरी सोडली. दुसऱ्या घरात मुलगी स्वतःच हे काम करते. सात वर्षांचा अनुभव, पाच स्टुडिओ आणि कायम नोकरी एकही नाही. लग्न ठरत नव्हते तेव्हा वेळी-अवेळी येण्यावरून तिने बोलणी खाल्ली, लग्न झाल्यावरही त्यावरूनच खाल्ली. आणि तिला दिवस गेले तेव्हा तिचे ‘प्रोजेक्ट’ संपले.

हे काम आहे तरी कसे? पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. एकेका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. दहा सेकंदांचे दृश्य म्हणजे २४० फ्रेम. नट हिरव्या पडद्यापुढे किंवा साध्या रस्त्यावर उभा राहून अभिनय करतो. नंतर त्याच्या मागे राजवाडा, समुद्र, युद्धभूमी बसवायची असते. त्यासाठी त्याच्या अंगाभोवतीची, केसांच्या बटांसकट, रेघ फ्रेमगणिक आखून घ्यावी लागते. याला ‘रोटो’ म्हणतात. नट दोरीला टांगलेला असेल तर ती दोरी प्रत्येक फ्रेममधून पुसावी लागते. हे ‘पेंट’. तांदळातले खडे वेचावेत तसे हे काम. एक खडा राहिला तरी खाणाऱ्याच्या दाताखाली येतो आणि शिव्या स्वयंपाकीण खाते. हॉलिवूडच्या मोठमोठ्या सिनेमांतले हे वेचणटिपणाचे काम गेली वीस-पंचवीस वर्षे मुंबई, हैदराबाद, बंगळूर, चेन्नईकडे येत आहे, कारण इथे मजुरी स्वस्त आहे.

ही कामाची वाटणी सिनेमाइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांचे जादूचे सिनेमे रंगीत दिसत, ते पॅरिसमधल्या एलिझाबेथ थ्युइलिए यांच्या कारखान्यात बसून सुमारे दोनशे बायका प्रत्येक चित्र ब्रशाने रंगवीत म्हणून. अमेरिकेत डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट’मध्ये पात्रांना हालचाल देण्याचे, नाव मिळवून देणारे काम बहुतांशी पुरुषांकडे होते. ती चित्रे गिरवण्याचे आणि रंगवण्याचे काम बायकांच्या स्वतंत्र विभागाकडे होते. आपल्याकडे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. दादासाहेब फाळक्यांचे नाव शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडणाऱ्या, रसायने मिसळणाऱ्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहणाऱ्या आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणाऱ्या सरस्वतीबाई फाळके कितीजणांना ठाऊक असतात? चमत्कार पडद्यावर दिसतो, त्यामागचे कष्ट दिसत नाहीत. आज या खुर्चीवर पुरुषही मोठ्या संख्येने बसतात एवढाच फरक. कामाचा मोल न लावण्याचा स्वभाव तोच राहिला आहे.

आता या धंद्याचा व्यवहार पाहू. सिनेमा काढणारी कंपनी व्हीएफएक्सचे काम ठराविक रकमेच्या ठेक्यावर देते. ठेका मिळवण्यासाठी स्टुडिओ एकमेकांपेक्षा कमी रक्कम सांगतात. पुढे दिग्दर्शकाला दृश्य आवडत नाही, कथा बदलते, आकाशाचा रंग बदलायचा असतो. बदल होत राहतात, पण रक्कम बहुधा तीच राहते आणि प्रदर्शनाची तारीख तर आधीच जाहीर झालेली असते. समजा, आपण ब्लाउज शिवायला टाकला, शिंप्याने एकदाच शिलाई घेतली आणि आपण दहा वेळा उसवून पुन्हा शिवायला लावला. त्या दहा वेळच्या कष्टाचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक देत नाही, शिंपीही पदरचे घालत नाही. तो काजबटण करणाऱ्या बाईला रात्री उशिरापर्यंत बसवतो. व्हीएफएक्सच्या धंद्यात वरच्याची अनिश्चितता अशीच एकेक पायरी उतरत खाली येते आणि सगळ्यात खालच्या खुर्चीवर ‘ओव्हरटाइम’ होऊन बसते. पुष्कळदा बिनपगारी ओव्हरटाइम.

यात कामगारच भरडला जातो असे नाही, स्टुडिओही बुडतात. ‘लाइफ ऑफ पाय’ या सिनेमातला वाघ आठवतो? त्याचे मोठे काम लॉस एंजेलिसच्या ‘रिदम अँड ह्यूज’ या स्टुडिओने केले. या कंपनीची मुंबईत आणि हैदराबादलाही कार्यालये होती आणि तिथल्या कलाकारांचे हातही त्या सिनेमाला लागले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, शेकडोंची नोकरी गेली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला त्या सिनेमाला व्हीएफएक्सचे ऑस्कर मिळाले. सभागृहाबाहेर शेकडो कलाकार निदर्शने करीत होते. आत बक्षीस घ्यायला गेलेल्या प्रमुखाने कंपनीच्या अडचणीचा विषय काढताच संगीत वाजवून त्याचे बोलणे तोडण्यात आले. सिनेमाने जगभरात भरपूर कमाई केली होती, आणि ज्यांच्या हातांनी तो वाघ जिवंत केला ते रस्त्यावर होते.

त्यानंतर बारा वर्षांनी तेच घडले, या वेळी आपल्या दारात. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जुना, मोठा समूह कोसळला. एमपीसी, द मिल ही त्याचीच नावे. लंडनपासून अमेरिकेपर्यंतची कार्यालये बंद पडली. भारतात बंगळूर आणि मुंबई मिळून सुमारे तीन हजार माणसे काम करीत होती. महिनाअखेर आली, पण पगार आला नाही. या तीन हजारांत पहिल्या नोकरीची मुले होती, गृहकर्जाचे हप्ते भरणारी जोडपी होती, प्रसूतीच्या रजेवरच्या बायकाही असतीलच. त्याआधी २०२३ साली हॉलिवूडच्या लेखकांनी आणि नटांनी संप केले. ते संप न्याय्य होते. पण तिकडे चित्रीकरण थांबले तसे इकडचे संगणकही रिकामे पडू लागले. हातातल्या कामाचा निर्णय सात समुद्रांपलीकडे होतो आणि इथल्या माणसाला त्याची खबर शेवटी लागते. आता कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. जुलै २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने सांगितले की अर्जेंटिनातल्या त्यांच्या एका मालिकेत इमारत कोसळण्याचे दृश्य या तंत्राने नेहमीच्या दहापट वेगाने झाले. हे वाचून रोटो आणि पेंट करणाऱ्या मुलामुलींच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही. आणि धास्तावलेला माणूस जास्त तास बसायला ‘नाही’ म्हणत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चौदा तास काम करणारा पुरुष चौदा तास कसे करू शकतो? त्याचा डबा कोणी भरते, कपडे कोणी धुते, मुलाला ताप आला तर कोणी जागते, म्हातारीला दवाखान्यात कोणी नेते. पगार एकाचा, राबणारी दोघे. स्टुडिओने दिलेला पगार एका माणसाच्या आठ-नऊ तासांचा असतो. पण तो विकत घेतो चौदा तास, आणि त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या बाईचा सगळा दिवस. हा दुसरा व्यवहार कुठल्याच हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही.

आणि खुर्चीवर बाई असेल तर? तिच्या पाठीमागे बहुधा कोणी नसते. ती चौदा तास स्टुडिओत बसते आणि मग घरची पाळी सुरू करते. शेवटची लोकल चुकली तर काय, हा प्रश्न पुरुषाला खर्चाचा असतो, तिला धोक्याचा. पाठ, मनगटे, डोळे दोघांचेही जातात. पण सुट्टीच्या दिवशी आडवे व्हायची मुभा दोघांनाही नसते. मग ती मूल झाल्यावर थांबते, ‘थोडे दिवस’ म्हणून. परत जायला निघते तोवर सॉफ्टवेअर बदललेले असते आणि रिकाम्या वर्षांबद्दल प्रश्न विचारले जातात. मोठ्या जबाबदारीच्या पदांवर बायका कमी का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘बायका या क्षेत्रात टिकत नाहीत.’ टिकत नाहीत की टिकू दिल्या जात नाहीत? जिथे टिकण्याची अटच ‘घरी बायको असणे’ ही आहे, तिथे बायका कशा टिकतील?

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, ‘या मुलांना कामाचे वेड असते. कोणी जबरदस्ती करीत नाही.’ वेड असते हे खरे. आपल्या हातचे दृश्य पडद्यावर पाहण्याचा आनंद मोठा आहे आणि तो आम्हाला कमी लेखायचा नाही. पण मैत्रिणींनो, हे बोलणे आपल्या ओळखीचे नाही का? ‘आई प्रेमाने करते, तिला कसला मोबदला?’ ‘गृहिणी घराची राणी.’ प्रेमाचे कौतुक करायचे आणि कष्टाचे पैसे द्यायचे नाहीत, ही युक्ती घराने बायकांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरली. आता तीच युक्ती ‘पॅशन’ हे नाव घेऊन स्टुडिओत आली आहे. आम्ही घरकामाच्या मोलाबद्दल इतकी वर्षे बोललो म्हणूनच ही युक्ती ओळखणे आम्हाला सोपे जावे. काम प्रेमाने केले म्हणून त्याचे तास कमी होत नाहीत.

दुसरा आक्षेप, ‘तास मोजायला लागलात तर काम दुसऱ्या देशात जाईल.’ विडी कामगारांनी किमान वेतन मागितले तेव्हाही धंदा दुसऱ्या राज्यात जाईल असे सांगितले गेले होते. ही भीती अगदीच खोटी नाही. ब्रिटन आणि कॅनडातली सरकारे करसवलती देऊन सिनेमाचे काम खेचतात आणि कलाकारांना कामामागे गावे बदलावी लागतात. पण तास न मोजताही काम गेलेच ना? टेक्निकलरच्या माणसांनी काही आठ तासांचा हट्ट धरला नव्हता. गप्प राहून नोकरी टिकत असती तर ते तीन हजार आज जागेवर असते.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा तासांना दुप्पट वेतन सांगितले. रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच आणि सुरक्षिततेची व्यवस्था करूनच कामावर ठेवता येते. पन्नास किंवा अधिक माणसे असतील तिथे पाळणाघर हवे. पण ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने यात बदल करायला मान्यता दिली: रोजचे तास नऊचे दहा, तीन महिन्यांतल्या जादा तासांची कमाल मर्यादा १२५ वरून १४४, आणि कायदा लागू व्हायला दहाऐवजी वीस माणसांची अट. ठेक्यावर रोटो करणारे, पंधरा-सोळा माणसांचे छोटे स्टुडिओ या अटीतून बाहेर पडतात. त्यानंतर तेराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, याच मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग या उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. दोन लाख नोकऱ्यांचे आश्वासन दिले. नोकऱ्या याव्यात, आमच्या मुलींना त्या मिळाव्यात. पण किती तासांच्या, किती महिन्यांच्या, कोणत्या अटींच्या नोकऱ्या, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या स्टुडिओने पाळणाघर, रात्रीचे वाहन आणि ओव्हरटाइमचा हिशेब दाखवावा, एवढी अट धोरणात असायला हवी.

काही गोष्टी हाताशी आहेत, त्याही सांगायला हव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या अनेक गोष्टींना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो योग्य आहे. पण त्यांत दृक्‌श्राव्य कामगारांच्या व्याख्येत ॲनिमेशन आणि डिजिटल निर्मिती आली आहे आणि लेखी कराराची तरतूद आहे. ठराविक मुदतीच्या नोकरीतही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा मिळण्यासाठी त्याच मालकाकडे आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. स्टुडिओ बदलत राहणाऱ्या मुलींना ही अट अडते, म्हणून नेमणुकीच्या पत्राला आणि तारखांना फार महत्त्व आहे. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कविता यादव यांच्या खटल्यात स्पष्ट केले की कराराची मुदत संपली म्हणून प्रसूतीचे लाभ मधेच तोडता येत नाहीत. ‘तुझे प्रोजेक्ट संपले’ हे वाक्य ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीला हा निकाल माहीत हवा.

पण कायदा एकटीच्या हाती लागत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांना एकत्र केले. २४ एप्रिल १८९० रोजी हजारो कामगारांची सभा झाली आणि तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज स्टुडिओतली मुले ज्या रविवारी कामावर बोलावली जातात तो रविवार कोणी दान दिलेला नाही. या क्षेत्रातही सुरुवात झाली आहे. अमेरिकेत मार्व्हलच्या व्हीएफएक्स कामगारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला, पुढच्याच महिन्यात डिस्नेच्या कामगारांनीही दिला. अमेरिकेतल्या कामगाराचे तास आणि मुंबईतल्या कामगाराचे तास एकाच ठेक्याच्या दोन टोकांना बांधलेले आहेत. तिकडे ते मोजले गेले आणि इकडे मोजले गेले नाहीत तर भार इकडेच सरकेल.

म्हणून आमच्या गटाने ठरवले आहे की कामाचे तास हा स्त्रीप्रश्न मानायचा, मग खुर्चीवर बाई बसलेली असो की पुरुष. या क्षेत्रात काम करणाऱ्या मैत्रिणींना सांगणे आहे: रोजची येण्या-जाण्याची वेळ एका साध्या वहीत लिहा. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, उशिरापर्यंत बसायला सांगणारे निरोप जपून ठेवा. एकटीने तक्रार करू नका, चौघी-पाचजणी मिळून बोला, आणि आपल्याबरोबरच्या पुरुषांनाही त्यात घ्या. ज्यांच्या घरातले कोणी हे काम करते त्यांनीही वही ठेवावी: त्या रात्री मुलाजवळ कोण होते, कोणाची रजा गेली, कोणाची नोकरी सुटली. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की या धंद्याचा खरा खर्च दिसेल.

येत्या तीन महिन्यांत अशा नोंदी आम्हाला पाठवा. नाव, स्टुडिओ काहीही छापले जाणार नाही. सल्ला केंद्रात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी या विषयावर बसायचे ठरले आहे. रात्रपाळी असलेल्यांसाठी वेळ बदलता येईल. पुढच्या अंकात या नोंदींतून काय निघाले ते मांडू आणि कामगार आयुक्तांकडे काय घेऊन जायचे ते तुमच्याशी बोलूनच ठरवू.